न्यूयॉर्कला आपले कोण?

आमच्या आजीच्या समजुतीने न्यूयॉर्क हा कोणी सावकार होता. आजोबा कापसाच्या अडतीवर मुनीम. संध्याकाळी घरी आले, की टोपी खुंटीला अडकवता अडकवता म्हणायचे, "आज न्यूयॉर्कनं अमक्याला बुडवलं." महिन्या-दोन महिन्यांतून एखादे वेळी "आज न्यूयॉर्कनं तारलं" असेही म्हणत, पण ते क्वचित. मग आजी चुलीपुढून विचारी, "कोन आहे बाप्पा हा न्यूयार्क? रोज कोनाले ना कोनाले बुडवते मेला. त्याले लेकरंबाळं नाहीत का?"

वाचकहो, आजीला हसू नका. तिचे म्हणणे अगदीच वेडेपणाचे नव्हते. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात कोणता भाव उघडला आणि कोणत्या भावावर बाजार मिटला, याची तार रोज मुंबईला येई आणि त्या दोन आकड्यांवर सट्टा चाले. त्या सट्ट्याची लागण कापसाच्या गावांना झाली नसती तरच नवल. १९६१ साली ती पद्धत बंद पडली. मग लोकांनी आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून काढायला सुरुवात केली आणि त्या जुगाराला 'मटका' हे नाव पडले. मी जन्मलो तेव्हा न्यूयॉर्कचा आकडा बंद होऊन जवळजवळ वीस वर्षे लोटली होती. पण आजीच्या तोंडून ते नाव मी इतक्या वेळा ऐकले, की पुढे शाळेच्या नकाशात ते दिसले तेव्हा मला एखाद्या जुन्या सावकाराचे घर सापडल्यासारखे वाटले.

तसे अमेरिकेचे आणि वऱ्हाडचे नाते न्यूयॉर्कच्या आकड्याहूनही जुने आहे. १८६१ साली तिकडे उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. तिकडे गुलामांची बेडी तुटत होती आणि इकडे पऱ्हाटीला सोन्याचे बोंड येत होते. १८६५ साली युद्ध संपले आणि भावही कोसळला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली. व्यापाऱ्याला त्या युद्धात भाव दिसला. जोतीरावांना माणूस दिसला. असो.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या वर्गातली एक मुलगी. भूगोलाच्या तासाला मी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा टांगला होता आणि न्यूयॉर्क शहर निराळे व न्यूयॉर्क राज्य निराळे, हे समजावून देत होतो. शहर हे राज्याच्या अगदी दक्षिणेच्या टोकाला, समुद्राकाठी. राज्य मात्र उत्तरेला थेट कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत आणि पश्चिमेला नायगारा धबधब्यापर्यंत पसरलेले. राजधानीसुद्धा न्यूयॉर्क नव्हे, आल्बनी. मुले मान डोलावत होती. म्हणजे ऐकत नव्हती. एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, तिथं आपलं कोनी आहे का?"

"आहेत ना! पुष्कळ इंजिनियर आहेत, डॉक्टर आहेत," मी म्हणालो.

"आत्ताचे नाही, गुरुजी. पयले. नाव असलेले कोनी?"

मास्तराला उत्तर येत नसले, की तो म्हणतो, "उद्या सांगतो." मीही तेच म्हणालो. तो 'उद्या' यायला दिवाळीची सुटी लागली. मी पडलो मॅट्रिकवर थांबलेला माणूस. पोटासाठी शाळा आणि हौसेसाठी कादंबऱ्या. संशोधकाचा आव आणणे मला शोभणार नाही. पण वाचनालयात बसून जे हाती लागले त्याने माझीच झोप उडाली, म्हणून ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिले नाव सर्वांच्या ओळखीचे आहे. १८८३ सालच्या जून महिन्याच्या ४ तारखेला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर अठरा वर्षांची एक मुलगी उतरली: सौ. आनंदीबाई जोशी, माहेरची यमुना, जन्म कल्याणचा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांचे मूल औषधावाचून गेलेले. नवरा गोपाळराव, पोस्टातला नोकर, वयाने कितीतरी मोठा, डोक्याने विलक्षण आणि स्वभावाने त्याहून विलक्षण. बायकोला शिकवायचेच, या ध्यासाने त्याने अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. ते एका मिशनरी मासिकात छापून आले, आणि थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एका बाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना वाचले. दातदुखीने जगात एवढे चांगले काम दुसरे कधी केले नसेल! कार्पेंटरबाईंनी त्या अनोळखी हिंदू मुलीला पत्र धाडले, मुलीने उत्तर दिले, आणि पत्रापत्रांतून त्या तिच्या मावशी झाल्या. आनंदीबाई न्यूयॉर्कला बोटीतून उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला ही मावशी बंदरावर आली होती.

आता चिकित्सक वाचक म्हणतील, अहो, मावशीचे घर रोझेलला, म्हणजे न्यूजर्सी राज्यात; वैद्यकीचे कॉलेज फिलाडेल्फियाला, म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यात; मग न्यूयॉर्क राज्याशी बाईंचा संबंध काय? संबंध येण्याचा आणि जाण्याचा. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. ज्या मुलीचे पहिलेच मूल दहा दिवसांत गेले, तिने दुसरा कोणता विषय घ्यावा? त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या न्यूयॉर्कहूनच परत निघाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झालेली होती. पण अंगात क्षय घेऊनच त्या मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आणि मग त्या पुन्हा न्यूयॉर्क राज्यात गेल्या. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशीकडे पाठवल्या. मावशीने त्या हडसन नदीकाठच्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या घरच्या माणसांच्या जागेत ठेवल्या. कल्याणच्या मुलीचा दगड तिथे आजही उभा आहे. आपल्याकडे सून मेली तर सासरच्या स्मशानात, लेक मेली तर तिच्या नवऱ्याच्या. आनंदीबाईंना एका परक्या बाईने माहेर दिले ते मेल्यानंतर.

त्या दगडावर त्यांचे नाव आहे, पदवी आहे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ आहे. मी ती ओळ वाचली आणि बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. मावशीने ते प्रेमानेच कोरले, गौरव म्हणूनच कोरले. पण पाहा ना, अर्धी पृथ्वी ओलांडून बाई गेली, मेल्यावर पुन्हा ओलांडून गेली, तरी दगडावर जात तिच्यासोबत गेलीच. हा दगड जरा ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

दुसरे जे तिकडे राहिले, ते शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईचा, १८६७ सालचा. हिंदुस्थानचा एडिसन म्हणून त्यांचे नाव एके काळी वर्तमानपत्रांतून गाजले. किराणा माल आपोआप तोलून देणारे यंत्र त्यांनी काढले, त्याला लंडनमध्ये बक्षीस मिळाले, आणि त्या बळावर ते विलायतेला गेले. दादाभाई नौरोजींनी पाठ थोपटली, रतन टाटांनी पैसा घातला. त्यांचा खरा ध्यास छापखान्याचे खिळे झपाट्याने ओतणाऱ्या यंत्राचा. त्याला त्यांनी आपलेच नाव दिले होते: 'भिसोटाइप'. पण बाजारावर लिनोटाइप आणि मोनोटाइप या यंत्रांचे राज्य होते, आणि टाटांचा पैसाही अखेर आटला. १९१६ साली भिसे न्यूयॉर्कला गेले, तिथे कंपनी काढली, पुढे आयोडिनपासून एक औषधही काढले, आणि १९३५ साली तिथेच वारले. दिवाळी अंकाचे खिळे जुळवताना बोटे काळी करून घेतलेल्या जुन्या माणसांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले असेल, कोण जाणे.

आमच्या शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांचे नाव मी का घेत नाही, असे कोणी विचारील. खानखोजे अमेरिकेत शेतकी शिकले, गदर चळवळीत पडले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर नाव कमावले, हे खरे. पण ते ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत, म्हणजे पार पलीकडच्या किनाऱ्याला. त्यांच्यावर लिहायचे तर सबंध अंक हवा.

दोघे तिकडे राहिले. आता जे परत आले त्या दोघांची गोष्ट. माझी झोप उडाली ती या दोघांमुळे.

श्रीधर व्यंकटेश केतकर हे तसे आमच्या वऱ्हाडचेच म्हणायचे. जन्म रायपूरचा, १८८४ सालचा. पण शाळा अमरावतीला झाली. पुढे मुंबईचे विल्सन कॉलेज. १९०६ साली हा तरुण अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका या गावी, कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. इथाका हे समुद्रापासून दूर, सरोवराच्या काठचे, टेकड्यांतले गाव. तिथले विद्यापीठ काढले एझ्रा कॉर्नेल या गृहस्थाने, १८६५ साली, म्हणजे आनंदीबाई जन्मल्या त्याच वर्षी. पैसा कुठला? तारेचा. खांब रोवून, तारा ताणून या माणसाने दौलत कमावली आणि कोणाही माणसाला कोणताही विषय शिकता यावा म्हणून ती विद्यापीठात ओतली. ज्या तारेवरून आमच्या आजोबांचा आकडा यायचा, तिच्याच धंद्यातून निघालेल्या विद्यापीठात अमरावतीच्या शाळेतला मुलगा शिकला, हे कळल्यावर मला आजीची फार आठवण झाली. न्यूयॉर्कने सगळ्यांनाच बुडवले असे नाही.

केतकरांनी तिथे विषय कोणता घेतला? जात. १९०९ साली इथाकातच त्यांचे जातिसंस्थेच्या इतिहासावरचे इंग्रजी पुस्तक छापले गेले. वय पंचवीस. मनुस्मृती समोर ठेवून, ती कोणत्या काळची, तिच्यात दिसणारा समाज कसा, याची त्यांनी त्यात छाननी केली. आणि जातीची व्याख्या केली, ती दोन कलमी. एक: जातीत जन्मलेल्यालाच जातीत जागा. दुसरे: जातीबाहेर लग्न करायला मनाई. सरळ, सोप्या शब्दांत, वकिली कावा नाही. याआधी जातीवर लिहीत होते ते बहुतेक साहेब लोक; शिरगणती करून, नाकांची मापे घेऊन. घरातला मुलगा घराबाहेर जाऊन घराचा नकाशा काढतो, तसे केतकरांचे झाले. १९११ साली त्यांना पीएच. डी. मिळाली.

केतकर पुढे काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९१६ साली नागपुरात त्यांनी ज्ञानकोशाचा संसार मांडला. लिमिटेड कंपनी काढली, दारोदार फिरून भाग खपवले, पुढे बिऱ्हाड पुण्याला हलवले आणि तेवीस खंड पुरे करून दाखवले. कादंबऱ्याही लिहिल्या. धंदाबंधू म्हणून सांगतो, त्या कादंबऱ्यांना कादंबरी म्हणणे जिवावर येते; पात्रे चहा पिता पिता समाजशास्त्र बोलतात. पण 'ब्राह्मणकन्या' वाचताना मात्र पान खाली ठेवता येत नाही, कारण त्या माणसाला प्रश्न खरोखरच छळत होता. आणि त्याने तो नुसता कागदावर ठेवला नाही. एडिथ या जर्मन ज्यू बाईंशी त्यांनी १९२० साली लग्न केले. व्रात्यस्तोम विधी करून बाईंना हिंदू करून घेतले आणि त्या शीलवती केतकर झाल्या. इथाकात लिहिलेली ती दोन कलमे आठवा. जन्मलेल्यालाच जागा, बाहेर लग्नाला मनाई. व्याख्या करणाऱ्यानेच दोन्ही कलमे मोडली.

केतकर अमेरिकेहून निघाले, इंग्लंडमार्गे १९१२ साली घरी पोचले, आणि पुढच्याच वर्षी, १९१३ च्या जुलैत, न्यूयॉर्कच्या बंदरावर दुसरा एक मराठी तरुण उतरला. भीमराव रामजी आंबेडकर, वय बावीस. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील सुभेदार रामजी वारलेले. पत्नी रमाबाई मुंबईत, परळच्या चाळीतल्या संसारात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती खिशात. जागा कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क शहर.

आंबेडकरांच्या अभ्यासाच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत: ग्रंथालय उघडायच्या वेळी जाणे आणि मिटायच्या वेळी उठणे, पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके विकत घेणे. दोनेक हजार पुस्तके जमली होती म्हणतात.  नवल भथेना हा पारशी तरुण तिथे भेटला आणि जन्माचा मित्र झाला. सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्री, ड्यूई यांच्यासारखे तत्त्वज्ञ शिकवायला. १९१५ साली एम. ए. झाले. हे सारे मोठेच. पण मला वाटते, त्या तीन वर्षांत न्यूयॉर्कने त्यांना दिलेली मोठी वस्तू पुस्तकात नव्हती. बाकावर शेजारी कोण बसला आहे, पाण्याचा पेला कोणी उचलला, याची दखल घेणारे तिथे कोणी नव्हते. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. साताऱ्याच्या शाळेत घरचे गोणपाट घेऊन वेगळे बसलेल्या मुलाने हे लिहावे, याचा अर्थ आपल्यासारख्या मास्तरांनी तरी नीट समजून घ्यावा.

अमेरिका म्हणजे स्वर्ग, असे मात्र नव्हे. कोलंबियाच्या लगतच हार्लेम. काळ्या माणसांची वस्ती तिथे त्याच सुमारास वाढत होती. फुल्यांनी ज्यांना ग्रंथ अर्पण केला त्या भल्या लोकांचे काम अर्धेच झाले होते. आंबेडकर ते विसरले नाहीत. १९४६ साली, म्हणजे तीस वर्षांनी, त्यांनी निग्रोंचे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या आणि आपल्या लोकांच्या स्थितीतले साम्य सांगितले आणि संयुक्त राष्ट्रसंघापुढे त्यांनी मांडलेल्या अर्जाची माहिती मागितली. ड्यू बॉइसांनी उत्तरही पाठवले.

आता तारीख लिहून घ्या: ९ मे १९१६. प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात आंबेडकरांनी एक निबंध वाचला. विषय: हिंदुस्थानातल्या जाती, त्या कशा निर्माण झाल्या आणि कशा चालतात. वय? पंचवीस. केतकरांचे पुस्तक निघाले तेव्हा त्यांचेही तेच.

आणि त्या निबंधात केतकर आहेत! आंबेडकर एकेका पंडिताची व्याख्या घेतात. कोणी सोवळ्याओवळ्याला जातीचे मूळ म्हणतो, कोणी रोटीबंदीला. ती सगळी बाजूला सारतात. केतकरांपाशी आले की थांबतात. हा माणूस इथलाच आहे, याने मोकळ्या मनाने अभ्यास केला आहे, आणि जात ही एकटी सुटी वस्तू नसून जातींच्या गोतावळ्यातच तिला अर्थ आहे, हे याने ओळखले आहे, अशा भावनेने ते त्यांचा मान ठेवतात. मग नम्रपणे चूक दाखवतात. केतकर दोन कलमे म्हणतात, पण ती दोन नाहीत. एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले, की बाहेरचा माणूस आत येणे आपोआपच बंद झाले. म्हणजे खरे कुलूप एकच, बेटीबंदीचे.

इथवर कोणीही हुशार विद्यार्थी आला असता. आंबेडकरांची खरी उडी पुढे आहे. हे कुलूप टिकते कसे? जातीत बायका-पुरुष जोडीजोडीने आहेत तोवर ठीक. पण नवरा मेला तर एक बाई उरते, बायको मेली तर एक पुरुष उरतो. उरलेला जातीबाहेर जोडी शोधील आणि कुलूप मोडील. मग करायचे काय? उरलेल्या बाईला नवऱ्याबरोबर जाळा. ते न जमले तर जन्मभर विधवा ठेवून तिचे मन आणि देह मारा. पुरुषाला जाळणे कोणाला परवडणार? तो पडला मोलाचा. त्याला अजून लग्नाला न आलेल्या वयातली पोर आणून द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तिन्ही वेगवेगळी दुष्ट रूढी म्हणून आपण शाळेत शिकवतो. न्यूयॉर्कच्या त्या वर्गात एका पंचविशीच्या मुलाने सांगितले, की या तीन एकाच कुलपाच्या किल्ल्या आहेत.

पोकिप्सीचा तो दगड आठवला? ब्राह्मण स्त्री, असे ज्यावर कोरले आहे? नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी तिथे आहे. आंबेडकरांनी निबंध वाचला त्या जागेपासून हडसनच्या काठाकाठाने उत्तरेला गेले, की तो दगड लागतो. निबंधात आनंदीबाईंचे नाव नाही. असण्याचे कारणही नाही. पण तिचे आयुष्य कोणत्या यंत्रात सापडले होते, याचा उलगडा त्याच राज्यात, ती गेल्यावर एकोणतीस वर्षांनी झाला. आणि निबंध वाचणाऱ्याच्या घरची गोष्ट? रमाबाईंचे लग्न झाले तेव्हा त्याही नऊच वर्षांच्या होत्या. आंबेडकर दुसऱ्याच्या घराचा नकाशा काढत नव्हते.

निबंध १९१७ साली छापला गेला. त्याच साली आंबेडकर इंग्लंडहून परत आले आणि शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर हजर झाले. ज्याला न्यूयॉर्कमध्ये जागा शोधताना जात सांगावी लागली नाही, त्याला बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी उतारगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितले. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकत, ते निराळेच. तो उच्चविद्याविभूषित माणूस बागेत झाडाखाली बसून रडला, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे.

केतकर परत आले तेव्हा समुद्रपर्यटनाची कुरबूर झाली असेल, नसेल; पण कोणी काठ्या घेऊन आले नाही. दोघांची विद्या एकाच राज्यातली, दोघांचा विषय एकच, दोघांचे वय तेच. बोटीतून उतरल्यावर मात्र एकाला भाग खपवायला दारे उघडी होती आणि दुसऱ्याला भाड्याने खोली मिळत नव्हती. व्याख्या कोणाची अधिक बरोबर, याचा निकाल बडोद्याने असा देऊन टाकला.

न्यूयॉर्क मात्र आपल्या विद्यार्थ्याला विसरले नाही. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ साली छापून निघाला, सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. १९२७ साली कोलंबियाने रीतसर पीएच. डी. दिली. आणि १९५२ सालच्या ५ जूनला त्याच विद्यापीठाने राज्यघटनेच्या शिल्पकाराला बोलावून डॉक्टर ऑफ लॉज ही सन्मानाची पदवी दिली. आज तिथल्या ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे.

सुटी संपली. शाळा उघडली त्या दिवशी मी वर्गात हे सारे सांगितले, अर्थात मुलांच्या बेताने. सांगता सांगता माझीच मला लाज वाटली. इतकी वर्षे मास्तरकी केली. ज्ञानकोशकार केतकर मी 'थोर विद्वान' या धड्यात शिकवीत आलो आणि आंबेडकर १४ एप्रिलला. एकाच तासाला दोन्ही नावे माझ्या तोंडून कधी निघाली नव्हती. गावातही तसेच. एकाचे खंड वाचनालयाच्या काचेच्या कपाटात, दुसऱ्याचा पुतळा गावाच्या त्या टोकाला.

दुपारी त्या मुलीला आणि आणखी तिघा-चौघांना घेऊन वाचनालयात गेलो. ज्ञानकोशाचा एक खंड काढायला लावला. धूळ बरीच होती. शासनाने छापलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाचा पहिला खंड दुसऱ्या कपाटातून काढला. तो निबंध त्यात आहे. दोन्ही एका टेबलावर ठेवले आणि केतकरांचे नाव ज्या ओळीत आहे, ती मुलांना दाखवली. मुलीने अक्षर अक्षर लावून ते नाव वाचले. मग वहीत नकाशा काढून तिने ठिपके दिले: इथाका, न्यूयॉर्क, पोकिप्सी. पोकिप्सीपाशी तिने 'आनंदीबाई' एवढेच लिहिले. मी म्हणालो, "दगडावर आणखी पण काही कोरलं आहे."

"असू द्या ना, गुरुजी," ती म्हणाली, "जागा नाही उरली."